एअर रायफलचा ग्रुप बिघडला तर काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

परवापर्यंत १०.३ ची सरासरी देणारी रायफल आज नऊच्या रिंगमध्ये मारू लागली, की नवीन नेमबाजाचा हात पहिल्यांदा जातो तो डायॉप्टरच्या, म्हणजे मागच्या साइटच्या, नॉबकडे. चार क्लिक डावीकडे, पुढच्या शॉटनंतर दोन उजवीकडे, मग तीन वर. अर्ध्या तासानं अशी अवस्था होते की मुळात काय बिघडलं होतं ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून कारण कळेपर्यंत साइटला हात लावायचा नाही. दोन्ही नॉब आत्ता ज्या खुणेवर आहेत त्यांचा फोटो काढून ठेवा आणि मगच पुढे वाचा.

हा लेख १० मीटर प्रकारातल्या, सिलिंडरच्या हवेवर चालणाऱ्या मॅच रायफलींसाठी आहे. वॉल्थर एलजी ४००, फाइनवेर्कबाउ ८००, अन्शुट्झ ९०१५ आणि त्याच जातीच्या इतर. २०२२ मध्ये कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात जगज्जेता झाला आणि त्यानंतर आपल्याकडच्या क्लबांत नवी मुलं येतायत. त्यांच्या हाती बहुतेक वेळा क्लबची, चार जणांनी वापरलेली रायफल पडते. अशा रायफलीला तर हा क्रम जास्तच लागू आहे.

आधी मापं डोक्यात पक्की हवीत. टारगेटवरचा दहाचा ठिपका ०.५ मिलिमीटरचा, पेलेट ४.५ मिलिमीटरचं. पेलेटचा मध्य टारगेटच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत पडला तरच दहा मिळतात, आणि दशांशाचा प्रत्येक गुण म्हणजे पाव मिलिमीटर. त्यामुळे रायफलीत एक मिलिमीटरचा दोष शिरला की प्रत्येक शॉटमागे ०.४ पर्यंत जाऊ शकतात. साठ शॉटच्या मॅचमध्ये ते २४ गुण होतात. इतर बंदुकांत जो दोष कुणाच्या लक्षातही येणार नाही, तो इथे पदक घालवतो.

सरकला की पसरला?

शेवटचे तीस-चाळीस शॉट स्क्रीनवर एकत्र बघा. शॉट पडलेल्या जागांचा हा झुबका म्हणजे ग्रुप. ग्रुप पूर्वीइतकाच घट्ट आहे पण मध्यापासून बाजूला गेलाय, की मध्याभोवतीच आहे पण मोठा झालाय? हे दोन वेगळे आजार आहेत.

ग्रुप नुसता सरकला असेल तर साइट हलली, उजेड बदलला, गालाची जागा बदलली किंवा हवेचा दाब उतरला. पसरला असेल तर पेलेट, नळी, सैल स्क्रू, सील, नाहीतर नेमबाज स्वतः. पसरण्याचा आकारही बोलतो. उभी रेघ पडत असेल तर वेग कमीजास्त होतोय, म्हणजे हवेकडे बघा. पण श्वास सोडण्याची जागा चुकली तरीही उभी रेघ पडते, हे विसरू नका. आडवी रेघ बहुतेकदा पोझिशनची, ट्रिगर ओढण्याची किंवा रायफल कलण्याची असते. दोन स्वतंत्र ग्रुप, मधे रिकामी जागा, असं दिसलं तर काहीतरी दोन जागांवर आलटून पालटून बसतंय: डायॉप्टर, समोरच्या साइटचा बेस किंवा चीकपीस (गाल टेकवायचा भाग). नऊ शॉट एकत्र आणि दहावा भलतीकडे, तर आधी पेलेट.

रायफल की आपण?

हे ठरवल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नका. सोपा मार्ग: प्रशिक्षकांना किंवा चांगल्या सीनियरला तीच रायफल, तीच पेलेट देऊन दहा शॉट मारायला सांगा. त्यांचा ग्रुप नेहमीसारखा आला तर रायफल ठीक आहे, आणि पुढची तपासणी तुमच्या पोझिशनची, चष्म्याची, जॅकेटची. वाढत्या वयाच्या मुलांत तर हे हमखास घडतं. सहा महिन्यांत खांदा वर जातो, बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी पट्टी, मात्र जुन्याच खुणेवर राहते.

सीनियर हाताशी नसेल तर टेकू देऊन मारा. खुर्चीत बसा, टेबलावर दोन वाळूच्या पिशव्या ठेवा, एक स्टॉकच्या पुढच्या भागाखाली आणि एक बटजवळ. पिशवी नळीला किंवा सिलिंडरला लागता कामा नये, लागली तर मार (शॉट पडण्याची जागा) बदलतो आणि चाचणी फुकट जाते. दहा-दहा शॉटचे दोन ग्रुप घ्या. तीन शॉटच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका, खराब रायफलसुद्धा तीन शॉट एका भोकात टाकून दाखवते. कागदावर मोजताना ग्रुपच्या एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. पकडीत घट्ट आवळलेली निरोगी मॅच रायफल आणि जमलेली पेलेट असतील तर पाच शॉटचा ग्रुप मध्य ते मध्य एक मिलिमीटरच्या आसपास येतो. वाळूच्या पिशवीवर नवशिक्याच्या हातात दहा शॉट तीन मिलिमीटरच्या आत आले तरी रायफल दोषी नाही. पाच-सहा मिलिमीटर आले, तर आहे.

टारगेटही एकदा बदलून बघा. आवाजावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक टारगेटमध्ये कागदाची पट्टी पुढे सरकत नसेल तर पेलेट आधीच्याच भोकातून जातं आणि स्क्रीन चुकीची जागा दाखवते. शेजारच्या लेनवर पाच शॉट मारले की खात्री होते.

रायफल उघडण्याआधी

तोंड बट्सकडे, म्हणजे टारगेटच्या बाजूला, चेंबर (पेलेट भरायची जागा) रिकामं, नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी. सिलिंडर काढल्यावरही आतल्या कप्प्यात हवा उरते. ती टारगेटच्या दिशेनं ट्रिगर ओढून, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत सोडायची. त्यासाठी फ्लॅग काढावा लागतो, तेवढ्यापुरता काढा आणि लगेच परत घाला. यानंतरच ॲलन की हातात घ्या.

स्क्रू

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण. कोल्हापूरहून पुण्याला बालेवाडीत स्पर्धेसाठी रायफल एसटीच्या डिकीतून आली, की सगळे स्क्रू तपासायचे, मग ग्रुप बिघडलेला असो वा नसो.

क्रम असा: समोरच्या साइटचा बेस, तिच्या आतल्या रिंगची झाकणी, डायॉप्टरचा रेलवरचा स्क्रू, नळी धरणारे स्क्रू, ॲक्शन (नळी, बोल्ट आणि ट्रिगर असलेला यंत्राचा भाग) स्टॉकला जोडणारे स्क्रू, चीकपीस, बटप्लेट आणि ट्रिगरची पट्टी. आवळण्याआधी प्रत्येक भाग दोन बोटांत धरून हळूच हलवून बघा. सैल भाग बऱ्याचदा डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला टिक् असा बारीक झटका लागतो. सैल सापडलेला प्रत्येक स्क्रू वहीत लिहा.

ॲक्शनचे स्क्रू अंदाजानं कधीच पिळू नका. रायफलच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये आकडा दिलेला असतो. टॉर्क की क्लबमध्ये एक तरी असावी. जास्त आवळलं तर लाकडी स्टॉक दबतो, ॲल्युमिनियमच्या स्टॉकमधले आटे जातात, आणि ॲक्शनवर ताण आल्यानं ग्रुप आणखी बिघडतो. दोन स्क्रू असतील तर आधी दोन्ही हलके टेकवायचे, मग आलटून पालटून पूर्ण आवळायचे.

एवढं झाल्यावर लगेच पुन्हा दहा शॉट मारा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि नंतर ग्रुप घ्यायचा, हा नियम शेवटपर्यंत पाळा. स्क्रू आवळले, नळी साफ केली आणि पेलेटही बदलले, तर ग्रुप सुधारला तरी औषध कोणतं लागू पडलं हे कळत नाही, आणि दोन महिन्यांनी तोच दोष आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पेलेट

इथे थोडं थांबायला हवं, कारण नवीन नेमबाज पेलेटकडे सगळ्यात कमी बघतो. मॅच पेलेट मऊ शिशाचं असतं: सपाट डोकं, बारीक कंबर, मागे पातळ घेर. शॉटच्या वेळी हवा त्या घेरात शिरते, घेर फुगतो आणि नळीच्या खाचांना चिकटतो. घेर एका बाजूनं चेपलेला असेल तर हवा तिथून निसटते आणि नळीतून बाहेर पडतानाच पेलेट कलतं. डबी एकदा फरशीवर पडली तरी आतल्या कित्येक पेलेटचे घेर चेपतात. अशी डबी सरावाला ठेवा, स्पर्धेला नाही. जमिनीवर पडलेलं पेलेट पुसून वापरायचा मोहही नको. त्याला लागलेला वाळूचा एक कण नळीला ओरखडा पाडू शकतो.

डबीवर डोक्याचं माप लिहिलेलं असतं: ४.४९, ४.५०, ४.५१ असं. त्याशिवाय बॅचचा क्रमांक असतो. आरडब्ल्यूएस आर १०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी मॅच यांपैकी कोणतं चांगलं, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. एका नळीला ४.४९ आवडतं, त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या नळीला ४.५०. म्हणून ग्रुप बिघडला तेव्हा पहिला प्रश्न हा: मधे डबी बदलली का? नाव तेच असेल, बॅच वेगळी असेल. जुन्या बॅचची पाच-पन्नास पेलेट शिल्लक असतील तर टेकू देऊन दोन्ही समोरासमोर मारून बघा. यासाठीच प्रत्येक डबी संपताना शेवटची वीस-तीस पेलेट नाव आणि बॅच लिहून बाजूला ठेवण्याची सवय लावावी. रायफलसाठीचं पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचं असतं, पिस्तुलाचं हलकं, ०.४५ च्या आसपास. क्लबमध्ये दोन्ही डब्या एकाच कपाटात असतात आणि गडबडीत अदलाबदल होते.

मुंबई-कोकणाच्या दमट हवेत उघड्या डबीतल्या पेलेटवर पांढुरकी पूड चढते. ती शिशाची आहे. अशी पेलेट वापरू नका, टाकून द्या, आणि हात साबणानं धुवा. पेलेट तोंडात धरणं, किंवा शूटिंग करता करता वडापाव खाणं, दोन्ही बंद.

भरताना पेलेट सरळ बसतंय का, तेही बघा. तिरकं ठेवून बोल्ट ढकलला तर घेर कापला जातो. दर आठ-दहा शॉटांत एक भलतीकडे जात असेल तर बऱ्याचदा कारण हेच असतं.

हवा

सिलिंडर बहुतेक २०० बारला भरतात. रेग्युलेटर तो दाब उतरवून प्रत्येक शॉटला सारखीच हवा देतो. सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या पातळीखाली गेला, की वेग घसरायला लागतो. त्याचा हिशेब करून बघा. पेलेट सेकंदाला १७२ मीटर वेगानं सुटलं तर १० मीटरवर सुमारे १६.६ मिलिमीटर खाली येतं, १६७ मीटरनं सुटलं तर सुमारे १७.६. म्हणजे वेग फक्त ५ मीटरनं कमी झाला की शॉट एक मिलिमीटर खाली, ०.४ गुण गेले. सरावात गेज १०० बारच्या खाली जाऊ देऊ नका. स्पर्धेला पूर्ण भरूनच उतरा.

रेग्युलेटर बिघडल्याची खूण ओळखायला सोपी आहे. पंधरा-वीस मिनिटं रायफल तशीच ठेवा आणि मग मारा. पहिला शॉट वर आणि पुढचे खाली नेहमीच्या जागी, असं प्रत्येक वेळी होत असेल तर रेग्युलेटर थोडी थोडी हवा पुढे झिरपू देतोय. क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजणारं यंत्र, उपलब्ध असेल तर दहा शॉटचे वेग लिहा. चांगल्या रायफलीत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगात दोन-तीन मीटरचा फरक असतो. फरक सहा-सात झाला तर रेग्युलेटर किंवा सील. ही दुरुस्ती घरी करायची नाही.

गळती मात्र घरी शोधता येते. रात्री गेजचा फोटो काढा, सकाळी पुन्हा बघा. काटा उतरला असेल तर सिलिंडरच्या जोडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे ओ-रिंग गेली. चेंबरच्या मागच्या सीलसाठी टिश्यू पेपरची बोटभर लांब पातळ पट्टी बोल्टच्या फटीवर ठेवा, पेलेट भरून टारगेटवर शॉट मारा. पट्टी फडफडली तर हवा मागून निसटतेय. ही ओ-रिंग काही रुपयांची असते, पण माप तंतोतंत तेच हवं. बाजारातली दिसायला सारखी रिंग बसवू नका.

आता एक गोष्ट, जी पुन्हा पुन्हा सांगावी लागते. सिलिंडरच्या तोंडाला, भरणीच्या अडॅप्टरला, ओ-रिंगला साधं मशीन ऑइल किंवा ग्रीस कधीच लावायचं नाही. २०० बारच्या हवेत तेल आलं की स्फोट होऊ शकतो. उत्पादकानं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही पुसट, एवढंच चालतं. भरायची ती फक्त कोरडी, स्वच्छ हवा. ऑक्सिजन कदापि नाही. पावसाळ्यात कॉम्प्रेसरचा ओलावा शोषणारा फिल्टर वेळेवर बदलला नाही तर पाणी थेट रेग्युलेटरमध्ये जातं. सावकाश भरा. घाईनं भरलेला सिलिंडर गरम होतो आणि थंड झाल्यावर गेज वीस-तीस बारनं उतरलेलं दिसतं, ती गळती नव्हे. सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, आणि त्यावर कोरलेली तारीख बघा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि ती जबाबदारी खेळाडूचीच असते.

नळी

एअर रायफलची नळी वारंवार साफ करायची नसते. हजारेक पेलेटनंतर, किंवा ग्रुप हळूहळू उघडत चाललाय आणि स्क्रू-पेलेट-हवा तिन्ही ठीक आहेत, तेव्हा. पितळी ब्रश नको, बारूदच्या बंदुकीचं सॉल्व्हंट नको. ४.५ मिलिमीटरच्या फेल्ट गोळ्या आणि प्लॅस्टिकचं आवरण असलेली केबल घ्या, चेंबरकडून तोंडाकडे ओढा, उलट नाही. पहिल्या दोन-तीन गोळ्या काळ्या-करड्या निघतील. गोळी बऱ्यापैकी स्वच्छ निघाली की थांबा. त्यानंतर पहिले दहा-वीस शॉट इकडे तिकडे जातात, नळी पुन्हा बसेपर्यंत. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी साफ करणं चुकीचं आहे.

नळीचं तोंड टॉर्चच्या उजेडात भिंगानं बघा. कडेवर शिशाचा पातळ, सगळीकडून सारखा थर असेल तर चालतं. एकाच बाजूला जाड थर किंवा खरचटलेलं दिसलं तर पेलेट सुटताना हवा वाकडी ढकलतेय. थर कापसानं निघतो, खरचटणं निघत नाही.

साइट आणि उजेड

डायॉप्टरची चाचणी आता, सगळ्यात शेवटी. टेकू देऊन मध्यावर पाच शॉट. मग वीस क्लिक उजवीकडे, पाच शॉट. वीस वर, पाच. वीस डावीकडे, पाच. वीस खाली, पाच. शेवटचा ग्रुप पहिल्यावर पडायला हवा. पडला नाही तर आतल्या स्क्रूला खेळ (ढिलेपणा) आलाय. तोपर्यंत तात्पुरता उपाय असा की नेहमी एकाच दिशेनं येऊन थांबायचं: तीन क्लिक खाली हवे असतील तर सहा खाली जाऊन तीन वर या.

समोरची रिंग फार लहान असेल तर ग्रुप पसरतो, सुधारत नाही. काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कडा स्पष्ट आणि रुंद दिसायला हवी. डोळ्याला ताण येत असेल तर मोठी रिंग लावा. आयरिसवरची (डायॉप्टरमधल्या, डोळ्यासमोरच्या लहानमोठ्या होणाऱ्या छिद्रावरची) धूळ, चष्म्याच्या काचेवरचा घाम, टारगेटवरचा एक बल्ब गेलेला, हे सगळं ग्रुप सरकवू शकतं. उन्हातून वातानुकूलित रेंजमध्ये आलात तर रायफल केसमधून काढून वीसेक मिनिटं तशीच ठेवा.

क्लबमध्ये अजून कमानीच्या, म्हणजे नळी मोडून स्प्रिंग चढवायच्या रायफली असतात. त्यांना वरचं सगळं लागू पडत नाही. त्यांचे स्क्रू कितीतरी लवकर सैल होतात, नळीच्या बिजागरीला खेळ येतो, आणि घट्ट धरलं तर मार वेगळा, सैल धरलं तर वेगळा. पेलेट न भरता ट्रिगर ओढला तर पिस्टन आदळतो. त्यात आधी स्टॉकचे स्क्रू, मग बिजागरी, मग नळीच्या मागचं सील, एवढंच तपासा.

सर्व्हिसला कधी द्यायची

रेग्युलेटर झिरपणं, वेगात मोठा फरक, नळीच्या तोंडाला खरचटणं, ट्रिगरचा पहिला टप्पा अधूनमधून हरवणं, वाकलेली नळी. यातलं काही असेल तर रायफल उघडू नका. सर्व्हिसला देताना नुसतं "ग्रुप येत नाही" म्हणू नका. एका कागदावर लिहून द्या: मॉडेल आणि अनुक्रमांक, पेलेटचं नाव, डोक्याचं माप आणि बॅच, टेकू देऊन घेतलेले दोन ग्रुप, सापडलेले सैल स्क्रू, नळी कधी साफ केली, वेग मोजले असतील तर ते दहाही आकडे. रायफल परत आली की त्याच पेलेटनं, त्याच टेकूवर, दहा-दहाचे दोन ग्रुप मारा आणि जुन्या कागदाशेजारी ठेवा. साइट शून्यावर आणायची ती त्यानंतर.